मोहोळ सोडले

सोलापूर,
18 जानेवारी 2026

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

अण्णा गेले. 11 डिसेंबरला, पहाटे साडेचारच्या सुमारास. पाच आठवडे उलटून गेल्यावर मी तुला हे कळवतो आहे, तेव्हा तू मला जे जे म्हणशील ते मी स्वतःला आधीच म्हणून घेतले आहे असे समज आणि पुढे वाच. मधल्या काळात तीन पत्रे लिहून फाडली. त्यांतले एक तुझ्या गुडघ्याच्या चौकशीने सुरू होऊन गुडघ्यापाशीच संपले होते. फोन केला असता तर बातमी सांगून झाली असती, दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो असतो, आणि मला जे सांगायचे आहे ते राहूनच गेले असते. बाकी इथे ठीक आहे. माझी साखर होती तिथेच आहे आणि सुमनच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.

अण्णांचे विसरणे तू मागच्या वर्षी पाहून गेलास, पण तेव्हा ते तुला निदान ओळखत तरी होते. गणपतीनंतर ते भराभर मागे जाऊ लागले. डॉक्टरांनी मला समजावून सांगितले की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग नव्या आठवणी रुजवतो, त्याला या आजारात फार लवकर इजा होते. त्यामुळे कालचे आधी जाते आणि लहानपणचे बराच काळ टिकून राहते. आपल्या गावच्या माणसाला हे कळायला कठीण नाही, कारण चादरसुद्धा शेवटी विणलेल्या बाजूनेच आधी उसवते. प्रथम सुमनचे नाव गेले, मग गिरणी बंद पडल्याचे गेले, आणि अखेरीस मराठीही जाऊ लागली व आईची कानडी तेवढी उरली.

गिरणी बंद पडल्याचे विसरले, म्हणजे त्यांच्यापुरती गिरणी सुरू झाली. पहाटे उठून बसायचे, डबा मागायचे, भोंगा झाला का म्हणून विचारायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना खरे ते सांगितले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू टाळे आताच लागले आहे आणि ते मीच लावले आहे. नंतर भिंतीकडे तोंड करून रडले. तासाभराने सगळे विसरून त्यांनी पुन्हा डबा मागितला, आणि मी मूर्खासारखे पुन्हा खरे सांगितले. एका सकाळी एकाच माणसाची नोकरी मी दोनदा घालवली. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा म्हणालो, ‘‘अण्णा, आज सुट्टी आहे.’’ ते ‘‘हां’’ म्हणाले आणि शांत झोपले. त्यानंतर तीन महिने मी त्यांना रोज रविवार दिला. कधी बारा नंबरच्या मागाची चौकशी करत, तेव्हा तोही व्यवस्थित चालू असल्याचे सांगत असे.

इथे तू वाचता वाचता थांबला असशील, कारण तुला काकू आठवल्या असतील. मलाही रोज त्याच आठवत होत्या. त्या रात्री मी काय काय बोललो ते तुला पाठ आहे आणि मलाही: दत्ता गाडीत बसला, दौंड झाले, कुर्डुवाडी झाली, आता मोहोळ सोडले. तुझी रजा मंजूर झालेली नाही हे मला ठाऊक होते. त्या मोहोळनंतर गेल्या, आणि चेहऱ्यावर समाधान होते असे मी तुला सांगितले, तेव्हा तू म्हणालास, ‘‘माझ्या आईला मला शिव्या द्यायच्या असतील. तू तिची शिवीसुद्धा माझ्यापर्यंत येऊ दिली नाहीस.’’ या गोष्टीला 27 वर्षे झाली. त्यांतली दोन आपण बोललो नाही आणि उरलेल्या पंचवीसांत या विषयावर बोललो नाही. मी मनातल्या मनात तुला हटवादी ठरवून मोकळा झालो होतो.

कारण तू मुळात कांटवाला. दाराशी खुनी येऊन ‘तुझा मित्र आत आहे का’ असे विचारू लागला तरी खोटे बोलता येणार नाही, असे त्या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1797 साली लिहून ठेवले, आणि तू ते कंबर तलावाच्या कट्ट्यावर असे सांगायचास की जणू खुनी पार्क चौकापर्यंत येऊन ठेपला आहे. (ज्याच्या फिरायला निघण्यावरून गावकरी घड्याळे लावत असे म्हणतात, त्याचा चेला असून तू एकदाही कट्ट्यावर वेळेवर आला नाहीस, हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो.) माझे उत्तर कर्णपर्वातले असे. कौशिक नावाच्या तपस्व्याने सत्यच बोलण्याचे व्रत घेतले होते. लुटारूंनी विचारल्यावर लोक कुठे लपले आहेत ते त्याने खरे सांगून टाकले, लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाने अर्जुनाला ही गोष्ट सांगितली यातच सगळे आले, असे मी म्हणायचो. अण्णा आपल्या दोघांचे ऐकून घ्यायचे आणि शेंगा सोलत म्हणायचे, ‘‘तुमच्या दोघांच्याही गोष्टीत खुनी आहे. घरात खुनी नसताना माणूस खोटं का बोलतो, ते सांगा.’’

ते तेव्हा आपल्याला सांगता आले नाही. आता मला थोडेसे सांगता येईल असे वाटते, आणि म्हणूनच हे पत्र आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी अण्णा तोंड धुऊन बसले आणि कपाळ पुढे करून म्हणाले, ‘‘विभूती हच्चु.’’ आधी मला वाटले, मी चुकीचे ऐकले. आपल्या अण्णांनी विभूती लाव म्हणावे! ज्यांनी गळ्यातले लिंग विसाव्या वर्षी उतरवून आईच्या हातात ठेवले, ज्यांनी घरात देवाची तसबीर लावू दिली नाही, ज्यांनी आपल्याला पहिल्यांदा चार्वाक सांगितला, तेच अण्णा सात वर्षांच्या मुलासारखे कपाळ पुढे करून बसले होते आणि कोणी लावत नाही म्हणून त्यांचा ओठ थरथरू लागला होता. मी सिद्धेश्वराच्या देवळाकडे जाऊन विभूतीची एक वडी आणली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती तीन बोटांवर घासून त्यांच्या कपाळावर तीन पट्टे ओढत असे. पट्टे ओढले की ते डोळे मिटत आणि काहीतरी पुटपुटत. शब्द मला कळत नसत, पण शेवटी ‘सिद्धराम’ असे येई.

आता मला सांग, मी कोणत्या अण्णांची सेवा करत होतो? मिलिंद राजाला नागसेन या बौद्ध भिक्षूने रथाबद्दल जे प्रश्न विचारले, ते अण्णांनी आपल्याला त्यांच्या मागावरून समजावले होते ते आठवते का? रथाचा आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, आणि हे सगळे वेगळे काढले तर रथ कुठे राहतो? अण्णा म्हणायचे, बारा नंबरच्या मागाचा धोटा बदलला, फणी बदलली, पट्टा तर वर्षाला बदलतो, तरी पगाराच्या वहीत तो बाराच नंबर. तेव्हा माग हे आपण एका जुळणीला दिलेले नाव आहे, आणि माणूस हेही तसेच. हे सांगताना त्यांना केवढा आनंद व्हायचा! पण मागाला स्वतःचे मत नसते, दत्ता. धोटा बदलल्यावर माग ‘मला आता वेगळे कापड विणायचे आहे’ असे म्हणत नाही. इथे साठ वर्षे एक बोलणारा माणूस होता, आणि त्याच अंथरुणावर, त्याच आवाजात, दीड महिना नेमके उलट बोलणारा दुसरा होता. पहिल्याचे ऐकावे तर दुसरा रडतो. दुसऱ्याचे ऐकावे तर पहिल्याचा विश्वासघात होतो, मात्र तो पहिला तक्रार करायला हजर नाही. मी सोपा मार्ग धरला. जो समोर रडत होता त्याचे ऐकले आणि त्याला दया असे नाव दिले.

मग 9 डिसेंबर उजाडला. दुपारी तीनच्या सुमारास मी पेपर वाचत बसलो होतो. अण्णांनी स्वच्छ मराठीत हाक मारली, ‘‘श्रीकांता, खिडकी उघड, कोंदट झालंय.’’ तीन महिन्यांत त्यांनी माझे नाव घेतले नव्हते. मी खिडकी उघडली. त्यांनी तुझी चौकशी केली, नाशिकला थंडी फार असेल म्हणाले. शेवटाला असा काही काळ लख्ख जागे होणारे रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले असतात, हे मला नंतर कळले. त्या वेळी मला वाटले, आता हे बरे होणार. आणि तेवढ्यात त्यांनी सवयीने कपाळावरून हात फिरवला, बोट डोळ्यांसमोर धरले, आणि बराच वेळ त्या राखेकडे पाहत राहिले.

‘‘हे कोणी लावलं?’’

दत्ता, खरे उत्तर तयार होते आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. ‘अण्णा, तुम्हीच मागितलेत’ एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो, ‘‘शेजारच्या नरसम्माबाई येऊन गेल्या सकाळी, त्यांनी लावलं असेल.’’

ते म्हणाले, ‘‘पूस.’’ मी ओल्या फडक्याने पुसले. ‘‘बाईला सांग, प्रेमानं केलंस, पण पुन्हा नको.’’ नंतर थोडा चहा घेतला आणि झोपले.

रोजचा रविवार मी त्यांच्यासाठी देत होतो, असे म्हणता येईल. काकूंना मोहोळपर्यंत गाडी आणून दिली तीही काकूंसाठीच, असे मी 27 वर्षे म्हणत आलो. पण हे शेवटचे खोटे अण्णांसाठी नव्हते. अण्णा माझ्याकडे कसे पाहतील याची मला भीती वाटली आणि मी बिचाऱ्या नरसम्माबाईंना पुढे केले, ज्या दिवसभर विड्या वळतात आणि ज्यांना यातले काही ठाऊकही नाही. खरे सांगितले असते तर काय झाले असते? आपल्याच तोंडून आपण काय मागत होतो हे त्यांना समजले असते. ते चिडले असते, हसले असते, किंवा कदाचित म्हणाले असते की असू दे, माणूस म्हातारपणी आईकडे जातो, लावत जा. त्यांच्याकडे तासभर होता आणि त्या तासात दोन अण्णांपैकी खरा कोण हे ठरवण्याचा अधिकार फक्त त्यांना होता. मी त्यांना प्रश्नच कळू दिला नाही. तुझ्या त्या शिवीचा अर्थ मला त्या दुपारी कळला. मात्र याचा अर्थ तू काकूंच्या बाबतीत पूर्ण बरोबर होतास असा मुळीच नाही. त्यांना श्वास लागला होता आणि तू तिथे नव्हतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे पुसले गेले होते. अण्णांनी कपाळ पुढे केले. ‘‘विभूती हच्चु.’’ मी वडी हातात घेऊन उभा राहिलो. आदल्या दिवशीचा ‘पूस’ कानात होता. ‘‘नंतर लावू,’’ म्हणालो. ते दिवसभर मधूनमधून मागत राहिले, आवाज बारीक होत गेला, आणि रात्री मागायचे थांबले. पहाटे गेले. कपाळ कोरेच होते.

पुढचे ऐक. 2009 साली देहदानाचा अर्ज भरला तेव्हा साक्षीदार म्हणून आपण दोघांनी सह्या केल्या. तुझी माझ्या वर आहे, कारण तुला गाडी गाठायची होती. पण अर्ज कितीही पक्का असला तरी माणूस गेल्यावर जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, मी त्यांचा रक्ताचा कोणी नव्हे, आणि नातेवाईक म्हणजे त्यांची विजापूरची पुतणी. ती दहाच्या सुमारास पोचली. डोळे तोपर्यंत नेत्रपेढीच्या माणसांनी नेले होते, कारण ते सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. त्याबद्दल ती काही बोलली नाही. मात्र देह बसवून, विभूती लावून, रीतीप्रमाणे माती द्यावी असा तिचा आग्रह होता. मी तिला अर्ज दाखवला, अण्णांची विचारसरणी सांगितली, तिलाही ती माहीत होतीच. रडत रडत तिने सही केली. जाताना तिने विचारले, ‘‘काकांचं मन शेवटी बदललं नव्हतं ना?’’ मी म्हणालो, ‘‘नाही.’’ दुपारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात आम्ही त्यांना पोचवून आलो.

मी स्वतःला समजावतो की वचन पाळले. पण वचन कोणाला दिलेले? अण्णांचा आवडता तो ग्रीक, एपिक्युरस, म्हणतो की आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आले की आपण नाही. तेव्हा मेलेल्या माणसाचे काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. अण्णांचे हे म्हणणे खरे असेल, तर त्यांना दिलेले वचन मोडल्याने कोणाचेच नुकसान झाले नसते, आणि त्या पुतणीच्या मनाला शांती मात्र मिळाली असती. आणि अण्णांचे म्हणणे खोटे असेल, तर कपाळ पुढे करून बसलेला तो मुलगा कुठेतरी अजून मागतो आहे. दोन्ही वाटांनी मीच चुकतो. तुला हसू येईल, पण पहाटे जाग आली की मी खरोखर हा हिशेब मांडत असतो आणि प्रत्येक वेळी बाकी तीच राहते.

परवा 13 तारखेला सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गेलो होतो. त्याआधी 12 तारखेला, ते नेहमी जात तसा, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी हार घेऊन गेलो. मार्शल लॉच्या गोष्टी सांगायला या वर्षी बरोबर कोणी नव्हते. संमती कट्ट्याजवळ तीच गर्दी, पांढऱ्या बाराबंद्या, हलग्या, सातही नंदीध्वज. अण्णा दर वर्षी ‘फक्त हलग्या ऐकायला’ यायचे आणि म्हणायचे की बघा, त्या कुंभारकन्येचे लग्न सिद्धरामांच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, योगदंडाशी लागले, म्हणजे काठीशी. ते खोटे म्हणावे तर एवढे गाव दर वर्षी वऱ्हाडी होऊन येते, आणि खरे म्हणावे तर नवरा कुठे आहे? मग स्वतःच उत्तर द्यायचे, ‘‘भोंगा वाजला म्हणजे सात. सात वाजले म्हणून भोंगा नव्हे.’’ सगळ्यांनी मिळून मानले की काही गोष्टी असतात, आणि मानणे थांबले की नसतात. पैसा, नवरा-बायको, कामाची पाळी, रविवार, सगळे त्यातलेच. गिरणी तशीच होती. मानणारे कमी होत होत अखेर एकटे अण्णा उरले, आणि मग तीन महिने त्यांच्याबरोबर मी दुसरा होतो. दोन माणसांपुरती का होईना, ती चालली. हे मला खोटे म्हणवत नाही. विभूतीचे मात्र तसे नाही म्हणता येत, कारण तिथे मानणाऱ्याला न मानणारा स्वतःच होता.

कोणीतरी माझ्याही हातात अक्षता दिल्या. अण्णांना दिल्या की ते कोटाच्या खिशात ठेवत, टाकत नसत आणि फेकूनही देत नसत. त्यावरून ते मनातून भाविक आहेत असा तुझा सिद्धांत होता आणि ते फक्त सभ्य आहेत असा माझा. त्यांच्या कोटाचा खिसा मी अजून तपासलेला नाही. मी माझ्या टाकल्या.

त्यांना त्या शरण संत अल्लमप्रभूंचा राग होता तो आठवतो ना? सिद्धराम तळे खणत होते, देवळे बांधत होते, 68 लिंगे स्थापून बसले होते, आणि अल्लम आले ते त्यांना मातीकाम करणारा म्हणून हिणवत. बाहेर खणतोस, आत कधी खणणार, असा एकूण सूर. सिद्धराम ऐकून त्यांच्याबरोबर बसवेश्वरांच्या कल्याणला गेले. अण्णांचे म्हणणे, ‘‘गेले ते गेले, पण तळं इथंच ठेवून गेले. आतलं कोणी बघितलंय?’’ या वेळी गड्ड्याच्या जत्रेतून परतताना तळ्याच्या काठाशी उभा राहिलो तेव्हा मी पहिल्यांदाच अल्लमांच्या बाजूचा झालो. आयुष्यभर बाहेरच खणत राहिलेल्या माणसाच्या आत शेवटी कोण बसला होता ते अण्णांना बघता आले असते, तासभर का होईना. आणि मी फडके ओले करायला गेलो.

तुझे विचारायचे राहिलेच. मुक्ताच्या बाळाचे नाव काय ठेवले? गच्चीची गळती थांबली का? आणि गुडघ्याचे ऑपरेशन उन्हाळ्याच्या आत उरकून घे. सुमनने शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवल्या आहेत, कोणी त्या बाजूला जाणारे भेटले की पाठवतो.

आता काम. येत्या रविवारी, 25 तारखेला, पुतणी अण्णांचे सामान न्यायला येणार आहे. पुस्तके तिने वाचनालयाला द्यायला सांगितली आहेत, भांडी आणि कपाट ती नेईल. विभूतीची वडी त्याच कपाटात वरच्या फळीवर आहे. ती एका बाजूने पुरती झिजली आहे आणि तीन बोटांचे खोलगट वळ स्पष्ट दिसतात, त्यामुळे ती कधी वापरली नव्हती असे कोणालाही सांगता येणार नाही. ती मी तिथून हलवू की राहू देऊ? राहू दिली तर ती विचारील, आणि विचारले तर सांगावे लागेल, आणि सांगितले तर तिच्या सहीचे काय? देह आता परत मिळण्यासारखा नाही. तिला आयुष्यभर पुरेल एवढे दुःख देऊन मी सत्यवादी होणार, हे कौशिकाच्या वाटेने जाणे झाले. आणि लपवले तर ही गाडी पुन्हा मोहोळपर्यंत आलीच.

तू कांट सांगू नकोस. काकूंच्या वेळी माझ्या जागी तू असतास आणि त्यांनी ‘दत्ता कुठवर आला’ असे विचारले असते, तर तू नेमके कोणते शब्द वापरले असतेस, तेवढे लिही. 27 वर्षांत मी तुला हे एकदाही विचारले नाही. पत्र 25 तारखेच्या आत पोचणार नसेल तर फोन कर, मी उचलीन.

तुझा,
श्रीकांत